सोळा ते एकवीस : मुंबई इलाख्यांतील बोर्स्टल कायदा व त्याची पूर्वपीठिका

मुंबई कायदेमंडळानें १९२९ सालीं अठराव्या क्रमांकाचा जो कायदा केला त्याचें नांव 'मुंबई बोर्स्टल शाळांचा कायदा' असें आहे. बोर्स्टल हें कोणा पुरुषाचें नांव नव्हे, किंवा कायद्यांतील एखादा लॅटिन पारिभाषिक शब्दहि नव्हे. इंग्लंडांतील केंट परगण्यांत रॉचेस्टर शहराजवळ या नांवाचें एक खेडें आहे. तेथील जुन्या तुरुंगांत विसाव्या शतकाच्या आरंभीं एक प्रयोग झाला, आणि त्या खेड्याचें नांव लाहोर, तंजावर, धारवाड अशा दूरदूरच्या गांवांतील बंदिशाळांस चिकटलें. मूल आणि प्रौढ यांच्यामध्यें तिसरें एक वय आहे, आणि त्या वयाच्या अपराध्यासाठीं जागाहि निराळी पाहिजे, ही गोष्ट मुंबई इलाख्यांत या कायद्यानें मान्य केली. सामान्यतः याची गणना दयेच्या कायद्यांत करण्यांत येते. परंतु त्यांतील व त्याच्या भावंडांतील कलमें शांतपणें वाचून पाहिलीं असतां हें मत अर्धेंच खरें ठरतें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

वयावरून अपराधाचें मोजमाप बदलावें हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांतील अणिमांडव्याची कथा वाचकांस ठाऊक असेलच. चोरीच्या खोट्या आळावरून सुळावर चढविलेल्या या ऋषीनें, हें कोणत्या कर्माचें फळ, असा धर्मराजास जाब विचारला. लहानपणीं तूं एका किड्यास काडीनें टोंचलें होतेंस, हें उत्तर मिळतांच त्यानें धर्मासच शाप दिला, आणि चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचें पातक लागूं नये अशी मर्यादा घालून दिली. दंड देणारासच दंड होऊन कायद्याची दुरुस्ती झाल्याचें हें उदाहरण मोठें मार्मिक आहे. स्मृतिकारांपैकीं नारद आठव्या वर्षापर्यंतच्या मुलास गर्भस्थासारखा मानतो, सोळाव्यापर्यंत बाल किंवा पोगंड म्हणतो, आणि पुढें तो व्यवहारज्ञ झाला असें धरतो. सोळा वर्षांच्या आंतील मुलास व ऐशींच्या पुढील वृद्धास अर्धेंच प्रायश्चित्त असावें असें वचन मिताक्षरेंत आलें आहे. मात्र या सर्व व्यवस्थेंत रेषा एकच आहे. सोळावें संपलें कीं मनुष्य सर्वस्वीं जबाबदार झाला. आज आपण 'पौगंड' म्हणून ज्या वयाविषयीं बोलतों त्याचा पुढचा अर्धा भाग नारदाच्या पोगंडांत बसत नाहीं, ही गोष्ट शब्दाच्या ओळखीमुळें सहसा लक्ष्यांत येत नाहीं.

इंग्रजी अमलांतील १८६० च्या पीनल कोडानें ही रेषा आणखी खालीं ओढली. सात वर्षांच्या आंतील मुलाचें कृत्य हा गुन्हाच नव्हे. सात ते बारा या वयांत मुलास समज पुरती आली नसेल तर गुन्हा नव्हे. आणि बारा वर्षें पुरीं झालीं कीं त्या ग्रंथापुरता तो मुलगा व त्याचा आजा एका मापानें मोजले जाणार! पुढें शिक्षेच्या बाबतींत सवलती आल्या, पण त्या सर्व लहान मुलांसाठीं. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानें पोरवयाच्या गुन्हेगारास तुरुंगाऐवजीं वेताचे फटके मारण्याची सोय केली, व ती 'सुधारणा' मानली गेली. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नांवाची उद्योगशाळा व सुधारगृह १८५७ पासून चालूं होतें. १८९७ च्या रिफॉर्मेटरी शाळांच्या कायद्याप्रमाणें पंधरा वर्षांच्या आंतील अपराधी मुलास, आणि मुलासच, मुलीस नव्हे, तीन ते सात वर्षें शाळेंत ठेवतां येई. सोळाव्या वर्षांत पाऊल टाकलेल्या पोरास यांपैकीं कांहींच लागू नसे. त्याची रवानगी सराईत चोरांच्या बराकींत होई. त्या बराकींत तो काय शिकून बाहेर पडे हें सांगावयास नको.

आतां या प्रश्नाचा उगम जेथें झाला तिकडे वळूं. इंग्लंडांत तुरुंगांची स्थिति तपासण्यासाठीं हर्बर्ट ग्लॅड्स्टन यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिटी बसली होती. तिचा अहवाल १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. सराईत गुन्हेगारांपैकीं बहुसंख्य लोक सोळा ते एकवीस या वयांत घडतात, हें त्या अहवालाचें एक मुख्य प्रतिपादन होय. या लेखाच्या मथळ्यांतील दोन आंकडे येथून आले. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील एल्मायरा येथें १८७६ पासून एक सुधार-तुरुंग चालूं होता. तेथें सोळा ते तीस वर्षांचे प्रथम गुन्हेगार ठेवीत, आणि शिक्षेची मुदत आधीं ठरवून न टाकतां कैद्याच्या सुधारणेवर सोडीत. इंग्लंडचे तुरुंग-कमिशनर सर एव्हलिन रगल्झ-ब्राइझ हे तो पाहून आले. त्यांनीं प्रथम बेडफर्ड येथें व नंतर बोर्स्टल येथें निवडक तरुण कैदी वेगळे काढून त्यांना कवाईत, शिक्षण व एखादा धंदा यांत गुंतविण्याचा क्रम सुरू केला. १९०८ सालच्या गुन्हे-प्रतिबंधक कायद्यानें या प्रयोगास कायदेशीर रूप मिळालें. सोळा ते एकवीस या वयाच्या अपराध्यास एक ते तीन वर्षेंपर्यंत बोर्स्टलमध्यें ठेवण्याचा, मध्यंतरीं परवान्यावर सोडण्याचा व सुटल्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार त्यानें दिला. १९१४ सालीं खालची मर्यादा एक वर्षावरून दोन वर्षांवर नेण्यांत आली. ही वाढ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

याच काळांत हिंदुस्थानांत काय चाललें होतें? ज्या १९०८ सालीं पार्लमेंटानें सोळा ते एकवीस हें वय निराळें काढलें त्याच सालच्या ११ ऑगस्ट रोजीं खुदीराम बोस यांना मुझफ्फरपूर येथें फांशी दिलें. त्यांना एकोणिसावें पुरें झालें नव्हतें. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत अनंत कान्हेरे फांशी गेले. तेहि विशीच्या आंतलेच. यावरून इंग्लंडांत असते तर ते वांचले असते असें मात्र कोणी समजूं नये. खुनाच्या आरोपांत तेथेंहि १९०८ च्या बालकांच्या कायद्यानें सोळा वर्षांच्या आंतल्यांनाच फांशींतून सूट दिली होती, आणि ती मर्यादा अठरावर गेली ती १९३३ सालीं. तुलना करावयाची ती एवढीच कीं, राज्यकर्त्यांच्या देशांत ज्या वयाविषयीं अहवाल निघत होते त्या वयाविषयीं येथील कायदेग्रंथांत एक अक्षरहि नव्हतें.

तें अक्षर १९१९-२० च्या हिंदी तुरुंग-कमिटीनंतर पडलें. सर अलेक्झांडर कार्ड्यू हे तिचे अध्यक्ष. ही कमिटी इंग्लंड, अमेरिका, जपान व फिलिपाइन्स येथपर्यंत जाऊन तुरुंग पाहून आली. तुरुंगाचा हेतु कैद्याची सुधारणा हा असावा, मुलांसाठीं निराळीं न्यायालयें असावींत, आणि तरुण प्रौढांसाठीं बोर्स्टलच्या धर्तीच्या संस्था काढाव्यात, अशा तिच्या शिफारशी होत्या. नव्या राजकीय सुधारणांमुळें असले कायदे प्रांतांनीं करावयाचे झाले, व ते प्रांतांनीं केले. मद्रास व पंजाब यांनीं १९२६ सालीं, बंगालनें १९२८ सालीं आणि मुंबईनें १९२९ सालीं बोर्स्टलचा कायदा केला. तत्पूर्वीं १९२३ सालीं क्रिमिनल प्रोसीजर कोडाचें ५६२ वें कलम दुरुस्त झालें. फांशी किंवा आजन्म काळें पाणी नसलेल्या कोणत्याहि पहिल्या गुन्ह्यांत एकवीस वर्षांच्या आंतील अपराध्यास चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर सोडतां येईल, असें त्या दुरुस्तीनें ठरलें. एकवीस ही संख्या सर्व हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्यांत या वाटेनें आली.

मुंबईनें मुलांचा कायदा १९२४ सालीं करून सोळा वर्षांच्या आंतील अपराध्यांचा प्रश्न वेगळा काढला होता. १९२७ सालीं मुंबईंत बालन्यायालय व 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' हीं दोन्ही निघालीं. मुलें ठेवण्यासाठीं पुढें डोंगरीच्या जुन्या तुरुंगाची इमारत उपयोगांत आली. १८८२ सालीं टिळक व आगरकर यांनीं एकशें एक दिवस काढले तोच हा तुरुंग. त्या दिवसांवर आगरकरांनीं पुस्तकच लिहिलें आहे. सोळाच्या आंतील मुलास डोंगरी आणि त्यावरील पोरसवद्यास धारवाडचें बोर्स्टल, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था १९२९ नंतर इलाख्यांत उभी राहिली. कागदावर ती सुरेख होती.

आतां या जातीच्या कायद्यांचें मर्म पाहूं. न्यायाधीशानें बोर्स्टलचा हुकूम केव्हां द्यावा? इंग्रजी कायद्यांतील शब्दयोजना येथील प्रांतांनीं जवळजवळ जशीच्या तशी उचलली. अपराध्याच्या गुन्हेगारी संवयी किंवा प्रवृत्ति यांमुळें, अथवा वाईट चालीच्या माणसांशीं असलेल्या त्याच्या संगतीमुळें त्याला अशा शिस्तींत ठेवणें इष्ट आहे, असें न्यायाधीशास दिसलें पाहिजे. म्हणजे प्रश्न काय केलें हा नसून कोण आहे हा झाला. कांहीं प्रांतांत तर गुन्हा शाबीत होण्याचीहि जरूर नव्हती. चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला आणि तो देतां आला नाहीं एवढ्यावर बोर्स्टलचें दार उघडे. गरिबाच्या पोरास जामीन कोठून मिळणार?

मुदतीचें कलम याहून महत्त्वाचें आहे. मद्रासच्या कायद्यांत ती दोन वर्षांपेक्षां कमी नाहीं व पांच वर्षांपेक्षां जास्त नाहीं अशी आहे. मुंबईच्या कायद्यांतहि वरची मर्यादा पांचच वर्षांची. आतां एक साधें उदाहरण घेऊं. सतरा वर्षांच्या एका मुलानें बाजारांत एखाद्या दुकानांतून धोतरजोडी उचलली. साध्या फौजदारी न्यायानें त्याला दोन-तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली असती. न्यायाधीशास त्याची दया आली, तुरुंगांत तो बिघडेल असें वाटलें, आणि त्यानें त्याला बोर्स्टलमध्यें धाडलें, तर मद्रासकडे निदान दोन वर्षें तरी तो आंत गेला. सुधारणा ही सावकाश होणारी गोष्ट असल्यानें तिला वेळ द्यावा लागतो, हा यामागील युक्तिवाद. आणि तो खोटा म्हणतां येत नाहीं, कारण तीन महिन्यांत कोणी सुतारकाम शिकत नाहीं. इंग्लंडांत १९१४ सालीं खालची मर्यादा वाढली ती याच तत्त्वावर. पण अपराधाचें वजन आणि बंदिवासाची लांबी यांतील नातें येथें तुटलें, व तें दयेच्या नांवानें तुटलें. वैद्यानें औषध कडू दिल्याची तक्रार नाहीं. रोग किरकोळ असतां पथ्य पांच वर्षांचें सांगितलें ही तक्रार आहे.

'वाईट संगत' हे शब्द केंट परगण्यांत एक अर्थ देतात व आपल्याकडे दुसरा. १९२४ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं येथें कित्येक जातींच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या होत्या, आणि सोलापूरसारख्या ठिकाणीं त्यांच्या वसाहती तारेच्या कुंपणांत होत्या. अशा घरांत जन्मलेल्या पोराची संगत म्हणजे त्याचे आईबापच. एका कायद्यानें आईबापांस गुन्हेगार म्हणावयाचें आणि दुसऱ्यानें त्यांच्या संगतीस्तव मुलास पकडावयाचें, ही सांखळी त्या दोन कायद्यांच्या शब्दांतच तयार होती. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला.

संस्थेच्या नांवानें तिचें स्वरूप ठरत नाहीं याचा पुरावा लाहोरनें त्याच १९२९ सालीं दिला. लाहोर कटाच्या खटल्यांतील आरोपी तेथील बोर्स्टल तुरुंगांत ठेवलेले होते. राजकीय कैद्यांस मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्रेसष्ट दिवसांचा उपवास करून जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर रोजीं तेथेंच मरण पावले. पोरवयाच्या अपराध्यांना माणसांत आणण्यासाठीं बांधलेली इमारत सरकारास गरज पडतांच नुसता तुरुंग झाली.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. इंग्लंडांत १९२२ पासून तुरुंग-कमिशनर असलेले अलेक्झांडर पॅटर्सन यांनीं बोर्स्टलमधील कवाईत मागें टाकून इंग्रजी निवासी शाळेचा सांचा आणला. प्रत्येक गटास एक गृहपति, पहारेकऱ्यांस गणवेशाऐवजीं साधे कपडे. १९३० च्या मे महिन्यांत फेल्टम येथून मुलांची एक तुकडी लांबची चाल करून नॉटिंगहॅम परगण्यांतील लोडम येथें पोंचली, आणि तिनें तेथें भिंत नसलेलें बोर्स्टल स्वतःच्या हातांनीं बांधावयास घेतलें. चांगल्या माणसांच्या हातीं ही पद्धति काय करूं शके हें यावरून दिसतें. तिचा शेवट तिकडे १९८२ च्या कायद्यानें झाला. बोर्स्टल हा शब्द इंग्रजी शिक्षाशास्त्रांतून गेला व खेड्यापुरता उरला.

आपल्याकडे तो राहिला. पण पायाखालची जमीन सरकत गेली. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होऊन धारवाड म्हैसूर राज्यांत गेलें. महाराष्ट्रांत पुढें नाशिकचें किशोर सुधारालय हेंच काय तें त्या परंपरेचें स्थान. १९८६ च्या बालन्याय कायद्यानें सोळाच्या आंतील मुलगे व अठराच्या आंतील मुली घेतल्या. २००० च्या कायद्यानें दोघांसहि अठराची मर्यादा लावली. आणि दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर झालेल्या २०१५ च्या कायद्यानें सोळा ते अठरा या वयाच्या मुलांस, गुन्हा अतिशय घोर असेल तर, चौकशीअंतीं प्रौढाप्रमाणें न्यायासनापुढें नेण्याचा मार्ग पुन्हां खुला केला. या सर्व वादांत देशाचें लक्ष अठराच्या खालीं होतें. अठरा ते एकवीस हीं तीन वर्षें कोणाच्याच दप्तरांत उरलीं नाहींत.

नाहीं म्हणावयास त्यांच्यासाठीं एक कलम आहे, आणि आमच्या मतें तें बोर्स्टलपेक्षां अधिक मोलाचें आहे. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यांत एकवीस वर्षांच्या आंतील अपराध्यास न्यायाधीशानें कैदेची शिक्षा देऊंच नये. द्यावयाचीच तर प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, कारणें लिहून द्यावी. हें तत्त्व इंग्लंडच्या १९४८ च्या कायद्यांतून आलें. येथें सुधारणेसाठीं कोंडण्याची अट नाहीं. कोंडणारासच कारण द्यावें लागतें. परंतु वय मोजावयाचें कोणत्या दिवशीं? रामजी मिसर यांच्या खटल्यांत १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, गुन्ह्याचा दिवस नव्हे, तर कनिष्ठ न्यायालय ज्या दिवशीं शिक्षेचा विचार करतें तो दिवस धरावा. कलमाच्या शब्दांस धरून हा निर्णय बरोबर असेल. फळ मात्र असें कीं, एकोणिसाव्या वर्षीं हातून गुन्हा घडला आणि खटला तीन वर्षें रेंगाळला, तर आरोपी बावीस वर्षांचा होऊन त्या कलमाच्या बाहेर पडतो. विलंब न्यायालयाचा आणि वय गेलें आरोपीचें! अठराच्या आंतील मुलांच्या बाबतींत २००५ सालीं त्याच न्यायालयानें, प्रतापसिंग विरुद्ध झारखंड या खटल्यांत, गुन्ह्याचा दिवसच प्रमाण धरला. एकाच देशांत, तीन वर्षांच्या अंतरावरच्या दोन वयांस, दोन पंचांगें लागू आहेत.

बोर्स्टलच्या कायद्यानें एक विचित्र कोलांटीहि घेतली. आंध्रप्रदेशांतील एका प्रकरणांत खुनासाठीं जन्मठेप झालेला तरुण सरकारनें बोर्स्टल शाळेंत धाडला होता. तेविसावें वर्ष उलटल्यावर त्यास उरलेल्या शिक्षेसाठीं तुरुंगांत परत घालतां येत नाहीं, त्याची सुटकाच झाली पाहिजे, असें १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. शिस्तीची मुदत संपली कीं जुनी शिक्षा उरत नाहीं, हा त्या कायद्याचा तर्कशुद्ध परिणाम होय. म्हणजे जी पद्धति धोतरजोडी चोरणाराच्या दोन महिन्यांचीं वर्षें करूं शकत होती, तीच खुन्याच्या जन्माचीं थोडकीं वर्षें करून मोकळी झाली. गुन्ह्याचें माप सोडून एकदां माणसाचें माप घेतलें म्हणजे कांटा दोन्ही बाजूंस झुकतो.

जर्मनीनें ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविली. १९५३ च्या तेथील तरुण-न्यायालय कायद्याप्रमाणें अठरा ते एकवीस या वयाचा आरोपी मनानें अद्याप मुलासारखाच आहे किंवा त्याचें कृत्य पोरपणाचें आहे असें दिसलें, तर न्यायाधीश त्यास मुलांचा कायदा लावतो, एरवीं प्रौढांचा. तेथें वय गुन्ह्याच्या दिवसाचें धरतात.

भारतांत क्रिमिनल प्रोसीजर कोडाचें ५६२ वें कलम १९७३ च्या संहितेंत ३६० वें झालें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंत ४०१ वें. १९२३ सालचा एकवीस हा आंकडा त्यांत तसाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरसाल तुरुंगांची जी आंकडेवारी छापतो तींत मात्र कैद्यांचे वयोगट अठरा ते तीस, तीस ते पन्नास व पन्नासच्या पुढें असे पाडलेले असतात. अठरा ते एकवीस या वयाचे कैदी त्या पहिल्या रकान्यांत एकोणतीस वर्षांच्या माणसांबरोबर मोजले जातात.